कॉम्पॅक्ट कॅमेरा शिकताना पहिल्या महिन्यात काय करावं

कॅमेरा कपाटातून निघालेला जुना असो की नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानातून परवा आणलेला, शिकायला सुरुवात बरेच जण चुकीच्या टोकाकडून करतात. डायलवरचं 'एम' दिसलं की मॅन्युअल मोड लावतात, दोन दिवस काळेकुट्ट नाही तर पांढरेफटक फोटो येतात आणि कॅमेरा परत कपाटात जातो. पहिल्या महिन्यात मॅन्युअलची काही गरज नाही. डायल 'पी' वर ठेवा (यात उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो) आणि चार गोष्टी हाताला बसवा: शटरचं बटण अर्धं दाबणं, अधिक-उण्याची पट्टी, आयएसओ (चित्र टिपणारा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) आणि फ्लॅश कधी बंद ठेवायचा ते. यांतली दुसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आहे.

त्याआधी कार्डाचं बघून घ्या, कारण जुन्या कॅमेऱ्यात पहिला अडथळा तिथेच येतो. ६४ जीबी किंवा त्याहून मोठी कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात. हा प्रकार २००९ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीचे कॅमेरे ती कार्डं वाचत नाहीत. अशा कॅमेऱ्यात ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड घाला. २००६ च्याही आधीचा कॅमेरा असेल तर साधं, २ जीबीपर्यंतचं एसडी कार्डच चालतं. कार्ड नवं असलं तरी एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. 'कार्ड लॉक' असा संदेश आला तर कार्ड बिघडलेलं नसतं, त्याच्या डाव्या कडेची बारीक खिटी खाली सरकलेली असते. तारीख-वेळ लावा आणि मनगटाची दोरी अडकवा. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करून टाका. तो चित्र जवळ आणत नाही, मधला तुकडा कापून ताणतो. तेवढं काम घरी संगणकावरही होतं.

आता बटण. ते दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस आणि उजेड दोन्ही ठरवतो आणि हिरवी चौकट दिसते. मग तसंच धरून अलगद पूर्ण दाबायचं. एकदम खटकन दाबलं की दोन चुका होतात: फोकस भलतीकडे लागतो आणि कॅमेरा खाली झुकतो. चौकट लाल झाली किंवा लुकलुकली तर फोकस लागलेला नाही. बहुतेक वेळा तुम्ही फार जवळ गेलेले असता. फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो लावून, झूम अजिबात न करता, बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ५ सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. झूम पूर्ण केला की तेच अंतर एक मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त होतं. घरच्या घरी एका संत्र्यावर हे करून पाहा: जवळून मॅक्रोत, मग दोन पावलं मागं जाऊन झूममध्ये. अर्ध्या तासात अंदाज येतो.

अधिक-उण्याची पट्टी म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यात तिची खूण काळ्या-पांढऱ्या चौकोनातलं अधिक-उणे अशी असते. ती का लागते हे नीट समजून घ्या. कॅमेऱ्याला समोरची वस्तू काळी आहे की पांढरी, हे कळत नाही. तो फक्त आलेला उजेड मोजतो आणि सगळं चित्र सरासरी मध्यम करड्या छटेवर आणून ठेवतो. चेहरे ओळखणारे नवे कॅमेरे थोडे हुशार झालेत, पण मूळ सवय तीच. म्हणून दीक्षाभूमीचा पांढरा घुमट चौकटभर घेतला की तो मळक्या राखाडी रंगाचा येतो. तिथे पट्टी +२/३ वर न्या, घुमट पांढरा होईल. +१ वर गेलात तर भर उन्हात घुमटाची उन्हाकडची बाजू जळू शकते, म्हणजे नुसती पांढरी येते. लहान सेन्सरमध्ये जळलेल्या जागेतला तपशील नंतर कशानंही परत येत नाही. कॅमेऱ्यात हिस्टोग्रामची (चित्रातला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाची) सोय असेल तर आलेख उजव्या कडेला आपटलाय का ते पाहा आणि आपटला असेल तर एक पायरी खाली या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मारबत, म्हणजे मिरवणुकीतला भला मोठा पुतळा, निघते तेव्हा नेमकी उलटी बाजू शिकायला मिळते. काळ्या मारबतीनं चौकट भरली की कॅमेरा उजेड वाढवतो, काळी मारबत राखाडी दिसते आणि बाजूच्या माणसांचे चेहरे पांढरे पडतात. तिथे −२/३ किंवा −१ लावा. पण तीच मारबत खालून, मागं उघडं आभाळ घेऊन टिपली तर चौकटीत आभाळच जास्त असतं. कॅमेरा आभाळ बघून उजेड कमी करतो आणि मारबत नुसती काळी सावली होते. आता मात्र +१ हवं. बरेच जण इथेच गोंधळतात. वस्तूचा रंग पाठ करून भागत नाही, चौकटीत जास्त जागा कशानं व्यापली आहे ते बघायचं. संक्रांतीच्या पतंगांनाही हाच हिशेब लागतो: निळं आभाळ असेल तर शून्यावर चालतं, पांढुरकं असेल तर +१ पर्यंत जावं लागतं. काम झालं की पट्टी शून्यावर आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती बंद-चालू केल्यावरही तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो बिघडतात.

आयएसओबद्दल थोडं मोजमाप सांगायला हवं. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरचा जेमतेम तिसावा भाग. एवढ्या जागेत उजेड कमीच गोळा होतो. म्हणून अशा कॅमेऱ्यात आयएसओ १०० ते ४०० हीच खरी हद्द समजा. ८०० वर दाणे दिसतात, १६०० वर चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते. त्याहून मोठ्या, 'एक इंची' म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात १६०० पर्यंत काम निभतं. तरी हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा, कारण हललेल्याला उपाय नाही.

फोटो हलतो तो दोन कारणांनी. हात हलला तर सगळं चित्र पुसट येतं, माणूस हलला तर फक्त माणूस. अर्धं बटण दाबल्यावर पडद्यावर शटर स्पीड, म्हणजे शटर किती सेकंद उघडं राहणार तो आकडा, दिसतो, तो वाचायची सवय लावा. चालत्या माणसाला १/१२५, लेझीमला १/५००. हाताच्या थरथरीसाठी जुना नियम असा: फुल फ्रेमच्या हिशेबात जितके मिलिमीटर झूम, सेकंदाचा तितकावा भाग. ३०० मिलिमीटरच्या तोडीचा झूम असेल तर १/३०० हवा. कंप रोखणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर १/६० वरही जमतं, पण ती फक्त तुमच्या हाताला उपयोगी, समोरच्या पळणाऱ्या पोराला नाही. शिवाय झूम वाढला की लेन्सचं तोंड लहान होतं. एफचा आकडा त्या तोंडाचं माप सांगतो, आकडा मोठा तर तोंड लहान. एफ ३ वरून एफ ६ वर गेलं की उजेड चौथाई उरतो. अंबाझरीला दिवेलागणीच्या वेळी पूर्ण झूम करून पक्षी टिपला आणि तो पुसट आला, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तिथे झूम अर्ध्यावर आणा आणि शक्य तितकं जवळ जा.

फ्लॅशची पोच साधारण तीन मीटर. रात्रीच्या कार्यक्रमात दहाव्या रांगेतून मारलेला फ्लॅश पुढच्यांच्या डोक्यांवर पडतो आणि मंच काळा राहतो. तिथे बंद ठेवा. भर दुपारी मात्र जरूर वापरा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन उभ्या पोराच्या टोपीखाली चेहरा काळा पडतो. गुडघ्यावर बसून, दीड-दोन मीटरवरून, फ्लॅश जबरदस्तीनं चालू करून फोटो घ्या. डोळ्यांत उजेड येतो.

फुटाळ्याचा सूर्यास्त सगळेच काढतात, म्हणून त्याची पद्धत सांगतो. सूर्यावर रोख धरला तर बाकी सगळं काळं होतं, पाण्यावर धरला तर आभाळ जळतं. सूर्याच्या बाजूचं आभाळ चौकटीत घ्या, अर्धं बटण दाबून धरा, मग कॅमेरा हवा तिथे वळवून पूर्ण दाबा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग बेतणारी सोय) 'ऑटो' वर असेल तर तो केशरी रंग दुरुस्त करायला जातो आणि संध्याकाळ फिकी होते. ढगाच्या चिन्हावर ठेवा. फळबाजारात निळ्या ताडपत्रीखाली संत्री मळकट दिसतात, त्यालाही व्हाइट बॅलन्सच कारण असतो. तिथे 'कस्टम' निवडून त्याच उजेडात धरलेला पांढरा कागद कॅमेऱ्याला दाखवा. सूर्य बुडाल्यावर कॅमेरा कठड्यावर ठेवा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि हात लावू नका.

ऊन हा नागपुरात वेगळाच विषय आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश लिहिलेली असते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो. गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका, त्यानं बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. मेमध्ये फोटोंसाठी सकाळी साडेपाच-पावणेसहा ते आठ हीच वेळ. त्यानंतर आभाळ पांढरं पडतं आणि सावल्या कडक होतात.

कूलरच्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवणं ही इथली नेहमीची चूक. कूलरची हवा दमट असते. दमट जागेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढायची तर लेन्स खोलावी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. एसीतून एकदम बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते. तो पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

बाहेर सरकणारी लेन्स अडकली तर ती ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. कारण बहुधा धूळ असते, किंवा खिशात चुकून चालू झालेला कॅमेरा. बॅटरी काढून पाच मिनिटांनी पुन्हा घाला, लेन्सच्या कडेनं धूळ उडवायच्या छोट्या रबरी पंपानं हवा मारा. नाही सुटली तर दुरुस्तीवाल्याकडे. काच शर्टाच्या टोकानं पुसायची नाही. आधी हवा, मग मऊ ब्रश, आणि मगच मायक्रोफायबरचं कापड.

रोज वीसच फोटो काढा, पण संध्याकाळी ते मोठ्या पडद्यावर, शटर स्पीड आणि आयएसओचे आकडे उघडून पाहा. हललेल्या प्रत्येक फोटोचा शटर स्पीड वहीत लिहा. पंधरा दिवसांत तुमचा हात कुठल्या आकड्याखाली डगमगतो ते कळेल. कुणाचा हात १/३० वर स्थिर राहतो, कुणाला १/१०० लागतो. तुमचा आकडा सापडला की कॅमेऱ्यात 'किमान शटर स्पीड' अशी सोय आहे का ते पाहा आणि असेल तर तो तिथे भरून ठेवा.