अनोळखी माणसांचे फोटो काढताना संकोच वाटतो? बुधवारच्या बाजारात एका जागी थांबा

रस्त्यावरच्या माणसांचे सहज क्षण टिपायला निघालेला लाजाळू नवशिका पहिल्या दिवशी बहुधा लोकांच्या पाठींचे फोटो घेऊन घरी येतो. नाशिकमधल्या मेन रोड ते भद्रकाली अशा माझ्या पहिल्या फेरीतही एकसुद्धा चेहरा धड आला नव्हता. चालत राहिले की प्रत्येक माणसाजवळ नव्याने जावे लागते आणि प्रत्येक वेळी भीड नव्याने आडवी येते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. एका जागी थांबले की माणसे आपणहून समोर येतात.

म्हणून सुरुवात नाशिकच्या गोदाकाठी भरणाऱ्या बुधवारच्या आठवडे बाजारात करा. तिथे प्रत्येक जण भाव करण्यात, पिशवी सांभाळण्यात गुंतलेला असतो. आधी पार्श्वभूमी निवडा, माणसे नंतर येतील. एखादी दगडी भिंत किंवा बाजूने ऊन पडणारी पायरी चालेल. निळ्या ताडपत्रीखालची जागा मात्र टाळा, कारण तिथे चेहरे निळसर दिसतात. शेजारच्या विक्रेत्याकडून मेथीची एक जुडी घ्या, दोन शब्द बोला आणि पहिली वीस मिनिटे कॅमेरा नुसता गळ्यात राहू द्या. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत असत. त्यांना ते साधले. आपल्या बाजारात मात्र लपवलेला कॅमेराच संशय निर्माण करतो, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्याची तयारी घरूनच करून निघावे. फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावून अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/८ आणि मॅन्युअल, म्हणजे हाताने लावायचा, फोकस ३ मीटरवर ठेवला, तर साधारण २ ते ७ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते, आणि फोकस शोधत समोरच्याला अवघडवून टाकणारे ते दोन-तीन सेकंद वाचतात. शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. मोबाइल असेल तर आवाजाच्या बटणाने फोटो काढा आणि झूम अजिबात करू नका, हवे तर दोन पावले पुढे व्हा.

आता वाट पाहायची, आणि खरी गंमत इथेच आहे. मिरच्यांचे वजन होते, काटा स्थिरावतो, गिऱ्हाईक पैसे काढता काढता थबकते आणि 'वर दोन टाका की' म्हणते. विक्रेती मावशी मान हलवत 'परवडत नाही हो' म्हणते, पण तिचा हात तोवर ढिगाकडे गेलेला असतो. त्या हातावर आणि त्या नाराजीच्या हसण्यावर शटर दाबायचे. हा प्रसंग दर पाच मिनिटांनी पुन्हा घडतो, त्यामुळे एक हुकला तरी बिघडत नाही. फक्त फोटो काढल्यावर लगेच पडद्याकडे बघू नका, कारण पुढचा क्षण नेमका तेवढ्यात निसटतो.

कुणाशी नजरानजर झालीच, तर मान खाली घालून सटकू नका. हसून मान डोलवा, पडद्यावरचा फोटो दाखवा आणि 'काका, नको असेल तर काढून टाकतो' एवढे म्हणा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच तो पुसून टाका, वाद घालू नका. लहान मुलांचा फोटो घ्यायचा असेल, तर आई-वडिलांना आधी विचारावे.

जवळच्या रामकुंडावर मात्र नियम बदलतो. तिथे कुणी अस्थिविसर्जनासाठी आलेले असते, कुणी स्नान करून ओल्या कपड्यांत उभे असते. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा. कबुतरे, पायऱ्या, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी रेंगाळणारे लोक एवढे विषय तिथे पुरेसे आहेत.

घरी आल्यावर शंभरातले तीन फोटो चांगले निघाले तरी समाधान मानावे. त्यातल्या एकाची ४ बाय ६ इंचांची प्रिंट काढून पुढच्या बुधवारी ज्याची त्याला नेऊन द्या. मिरचीवाल्या मावशींनी माझ्याकडून ती घेतली, पदराला पुसली, शेजारणीला दाखवली आणि मग मला म्हणाल्या, 'केस विंचरले नव्हते, आता परत काढा.'