ट्रोल ८४ चाच ठेवला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळात पहिल्यांदा डीएम (गोष्ट सांगणारी आणि राक्षस चालवणारी) म्हणून बसले तेव्हा मी आठवडाभर तयारी केली होती आणि लढाई चौथ्या फेरीतच संपली. सांगलीत विश्रामबागला आमच्या गच्चीवरच्या खोलीत, रविवारी दुपारी, मधे भडंगाची परात आणि भोवती चौघं. चौघांचीही कॅरेक्टर्स दुसऱ्या लेव्हलची, म्हणजे अजून कच्ची होती. मला त्यांना काहीतरी भव्य दाखवायचं होतं, म्हणून मी ट्रोल नावाचा दांडगा राक्षस आणला.

माझी मामेबहीण तेव्हा अकरावीत होती. तिच्या विझर्डचे (जादूगाराचे) एचपी, म्हणजे जीव मोजायचे गुण, १२. ट्रोल चावला, ५ गेले, ७ उरले. मग पंजासाठी वीस बाजूंचा डाइस टाकला तर थेट २०, म्हणजे क्रिटिकल. त्यात डॅमेजचे डाइस दुप्पट, आणि डॅमेजची बेरीजही आली २०. सात संपून वर १३ उरले. शून्यावर आल्यानंतर वर उरलेलं डॅमेज तुमच्या पूर्ण एचपीएवढं किंवा त्याहून जास्त असलं, तर डेथ सेव्ह (जीव वाचवायला टाकायचा डाइस) मिळत नाही, कॅरेक्टर जागीच मरतं. तिनं त्या विझर्डची दोन पानी गोष्ट लिहून आणली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी काय करायला पाहिजे होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं. तुम्ही नव्यानं डीएम होत असाल तर माझं सांगणं याच प्रश्नाभोवती आहे: लढाई ठरवताना आधी हा प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तर खेळाडूंना आधी कुठं दिसणार आहे ते वहीत लिहा.

त्या रात्री मी हिशोब मांडला. (माझे सगळे आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांचे आहेत.) ट्रोलचे एचपी ८४, आर्मर क्लास (वार लागायला डाइसवर गाठायचा आकडा) १५. एका फेरीत एक चावा आणि दोन पंजे, तिन्ही लागले तर सरासरी २९ डॅमेज. हल्ल्याच्या डाइसवर +७, म्हणजे १६ आर्मर क्लासच्या माणसाला दहातले सहा वार लागणार. फेरीला साधारण १७. माझ्या पार्टीचे सगळ्यांचे मिळून एचपी ६४. चार फेऱ्यांत खेळ खलास. उलट बाजूनं, चौघांचा हल्ला +५, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त वार लागतात. फेरीला जेमतेम १६ डॅमेज. त्यात ट्रोल दर फेरीला १० एचपी भरून काढतो. हातात राहतात ६. चौऱ्याऐंशीला सहानं भागा, चौदा फेऱ्या. चौदा विरुद्ध चार.

ट्रोलची ही भरपाई आग किंवा ॲसिड लागलं तरच थांबते, तीही त्याच्या पुढच्या एका पाळीपुरती. माझ्या विझर्डकडे गारठ्याचा स्पेल होता, आगीचा नव्हता. ट्रोलला थांबवायला आग लागते हे त्यांना कळायला मी एकही जागा ठेवली नव्हती. माझ्या मते ट्रोलच्या पंज्यापेक्षा हीच चूक मोठी.

नियमपुस्तकातलं गणितही मी नंतरच नीट वाचलं. दुसऱ्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरसाठी 'मध्यम' लढाई १०० एक्सपीची (एक्सपी म्हणजे राक्षस हरवल्याचे गुण), 'कठीण' १५० ची, 'जीवघेणी' २०० ची. चौघांची जीवघेणी रेघ ८०० वर येते. ट्रोल एकटा १८०० चा. तेच ओगर हा दुसरा राक्षस ४५० चा, म्हणजे चौघांना मध्यम. शत्रू जास्त असले की एक्सपीच्या बेरजेला गुणक लागतो: दोघांना दीडपट, तीन ते सहा जणांना दुप्पट. सहा गॉब्लिन (छोटे राक्षस) प्रत्येकी ५० चे, बेरीज ३००, दुपटीनं ६००. दिसायला किरकोळ, पण बरोब्बर कठीण रेघेवर. २०२४ च्या नियमांत हा गुणक नाही, तरी त्यामागचं कारण टेबलवर आजही खरं आहे. ज्या बाजूला माणसं जास्त, त्या बाजूला पाळ्या जास्त. नव्या डीएमनं पहिल्या दोन-तीन लढायांना हा हिशोब जरूर करावा. तो घातकी लढाई ओळखायला उपयोगी पडतो. चांगली लढाई कशी करायची ते मात्र सांगत नाही.

मधे दोनेक महिने मी राक्षस पातळ करून चालवले. एचपी निम्मे केले, पडद्याआड डाइस टाकून मोठे आकडे लहान करून सांगितले. खेळाडूंना ते समजतं. एकानं आर्मर क्लास विचारायचंच सोडून दिलं, कारण काही झालं तरी आपण जिंकणार हे त्याला कळून चुकलं होतं. तेव्हापासून मी डाइस सगळ्यांसमोर टाकते आणि नव्यांनाही तेच सुचवते. त्यांना सांभाळायचं असेल तर डाइस पडण्याच्या आधी सांभाळा.

मग मी तोच ट्रोल परत आणायचं ठरवलं. तीच लेव्हल, तेवढेच चौघं, ८४ चे ८४. बदलल्या फक्त तीन गोष्टी: त्याची जागा, त्याच्या खुणा आणि त्याला हवं काय ते.

जागा मला हरिपुरात सापडली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असायची. २००५ च्या महापुरात बरीच खचली. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली मोठं पोट. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आतली हवा कोंडलेली असते. खेळातल्या गावाला मी नाव दुसरं दिलं, पण पेव तेच ठेवलं आणि ट्रोल त्यात राहायला घातला. ट्रोल आकारानं मोठा. त्या तोंडातून वर येताना त्याला अंग चोरावं लागणार, आणि अंग चोरलेल्याच्या हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज (दोन डाइस टाकून लहान आकडा धरायचा), त्याच्यावर होणाऱ्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज (दोनातला मोठा धरायचा). एवढ्यावरच पार्टीचं डॅमेज फेरीला १६ वरून २३ च्या आसपास जातं आणि त्याचं १७ वरून दहाच्या आसपास येतं. आकडा एकही न बदलता.

खुणा तीन पेरल्या, कारण एक खूण हमखास हुकते. पहिली, उसाच्या फडात सगळीकडे त्याची पावलं, पण गुऱ्हाळाच्या चुलवाणाभोवती मोठा वळसा. दुसरी, एक गुराखी कोयता दाखवून सांगतो, "मी त्याचं बोट तोडलं होतं, दुसऱ्या दिवशी जागेवर होतं." तिसरी, दुकानात दिव्याच्या तेलाच्या बाटल्या, एका चांदीच्या नाण्याला एक. अंगावर तेल पडलेल्याला आग लागली की वर ५ डॅमेज. नुसती पेटती मशाल लागली तरी १ आगीचं डॅमेज होतं, आणि भरपाई थांबायला तो एक पुरतो.

त्याला हव्या होत्या म्हशी, माणसं नव्हेत. पाठ फिरवून पळणाऱ्याच्या मागे तो जाणार नाही आणि आगीचा तिसरा चटका बसला की नदीकडे पळेल, हे मी आधीच लिहून ठेवलं. जिवाला जपणारा राक्षस खालच्या लेव्हलच्या पार्टीला खूप मोकळीक देतो. नवे डीएम ही गोष्ट सगळ्यात कमी वापरतात.

गुराख्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. चुलवाणापाशी मात्र मामेबहीण थांबली. ती नकाशावर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "ताई, हा जाळाला भितोय." मग अर्धा तास मी फक्त ऐकत होते. तेल किती, मशाल कुणाच्या हातात, तोंडाशी कोण उभं राहणार, फायटर पडला तर त्याला ओढणार कोण. त्यांनी सहा बाटल्या घेतल्या.

लढाई सोपी झाली नाही. ट्रोल दोन फेऱ्या तोंडात अडकला, तिसऱ्या फेरीला बाहेर आला आणि फायटर शून्यावर गेला. दोन डेथ सेव्ह फसले. क्लेरिकनं (बरं करणाऱ्या कॅरेक्टरनं) त्याला उठवलं तेव्हा खोलीत कुणी भडंगालाही हात लावत नव्हतं. तिसरा चटका बसला तेव्हा ट्रोलचे १९ उरले होते. तो अंगावरच्या जाळासकट नदीत गेला.

पुढच्या रविवारी आल्या आल्या मामेबहिणीनं विचारलं, तो पलीकडच्या काठाला लागला का. मी वही मिटून ठेवली. त्या पानावर त्याच्यापुढं पुन्हा ८४ लिहिलेले आहेत.