छोट्या, स्वस्त गाडीने समृद्धी महामार्गावरून लांबचा प्रवास कसा करावा

ऑल्टो, वॅगन आर, क्विड, टियागो यांसारख्या गाड्या मुख्यतः शहरातल्या वापरासाठी घेतल्या जातात. परंतु आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी एकच असते, आणि दिवाळीला गावी, लग्नकार्याला नागपूरला किंवा दर्शनाला शिर्डीला जायचे झाले की तीच बाहेर काढावी लागते. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून हजार सीसीच्या गाडीनेही सकाळी विदर्भातून निघून संध्याकाळी कोकणपट्टीत उतरता येते. गाडी हे अंतर कापेल, यात शंका बाळगण्याचे कारण नाही. ते तिच्याकडून कोणत्या वेगाने, किती वजनासह आणि कसल्या टायरांवर कापून घ्यायचे, हे मात्र मालकाने निघण्यापूर्वीच ठरवलेले असावे.

१. गाडी घेतानाच महामार्गाचा विचार करावा

वर्षातून तीन-चार वेळा तरी लांबचा प्रवास होणार असेल, तर मोठा पडदा आणि रंगीत सीटकव्हर यांपेक्षा सुरक्षेच्या गोष्टींवर पैसे खर्चावेत. जुनी गाडी घेत असाल तर ती एप्रिल २०१९नंतरची असावी, कारण तेव्हापासून विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२०च्या पुढे सतत वाजणारा इशाराही सक्तीचा झाला. अनेकांना तो कटकटीचा वाटतो. लांबच्या रस्त्यावर तो फार उपयोगी पडतो.

अपघात-चाचणीचे निकालही पाहावेत. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३च्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी ऑल्टो के-१०ला दोन आणि वॅगन आरला एकच तारा मिळाला होता, तर २०२० साली टियागोला चार तारे मिळाले होते. पहिल्या दोन गाड्यांत नंतर एअरबॅगची संख्या वाढली, हे खरे. पण किमती जवळजवळ सारख्या असतानाही सांगाड्यात किती फरक असू शकतो, हे या आकड्यांवरून कळते. आहे ती गाडी बदलणे शक्य नसेल, तर हा फरक वेग कमी ठेवून भरून काढावा लागतो.

२. टायर हीच पहिली आणि सर्वांत मोठी तपासणी समजावी

सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना छोट्या गाडीचा सर्वांत कमकुवत दुवा तिचा टायर असतो. तेरा-चौदा इंची चाक मोठ्या चाकापेक्षा त्याच अंतरात अधिक फेरे घेते. त्यात हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते, त्या घुसळणीतून उष्णता साठत जाते, आणि मे महिन्यात वाशिम-बुलढाण्याच्या पट्ट्यात मुळातच तापलेला रस्ता तीत भर घालतो. पुरेसा तापलेला टायर एका क्षणात फुटतो. म्हणूनच हवा कमी ठेवली की टायर तापत नाही, हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला नेमका उलटा आहे.

हवा किती भरायची हे चालकाच्या दरवाजाजवळच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेले असते. अनेक गाड्यांच्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक कमी प्रवाशांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. कुटुंब आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळावा. मोजणी टायर थंड असताना, म्हणजे घरून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच करावी. वाटेत थांबल्यावर टायर गरम असतो आणि आकडा काही अंकांनी वाढलेला दिसतो. ती वाढ अपेक्षितच असते, तेव्हा हवा काढू नये. नायट्रोजन भरल्याने सारे प्रश्न सुटतात असे टायरवाले सांगतात. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि माझ्या मते त्या पैशांतून हवा मोजण्याचे स्वतःचे मीटर घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

त्यानंतर टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. शहरात कमी चालणाऱ्या गाडीत नेमका हाच धोका दडलेला असतो, कारण नक्षी छान शिल्लक दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेले असते. बाजूवर बारीक भेगा किंवा कुठेही फुगवटा दिसला, तर त्या टायरवर महामार्गावर जाऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बाद ठरतो, आणि खाचांमधील लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली असे समजावे. पावसाळ्यात तोवर थांबू नये.

स्टेपनी हे शेवटचे काम. अनेक गाड्यांत ती मूळ चाकापेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. तिच्यातली हवा, जॅक आणि पाना हे तिन्ही प्रत्यक्ष हाताळून पाहावेत. गॅरेजमध्ये यंत्राने आवळलेले नट घरच्या पान्याने सुटत नाहीत, हे अंगणात कळलेले बरे.

३. बाकीची तपासणी आठवडाभर आधी करावी

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेऊ नये, कारण काही राहून गेले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. ऑइल, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, पंख्याचा पट्टा, बॅटरी, वायपर आणि सर्व दिवे पाहून घ्यावेत. कूलंटकडे, म्हणजे एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, विशेष लक्ष द्यावे, कारण स्वस्त गाड्यांच्या मीटरमध्ये अनेकदा तापमानाचा काटा नसतो, केवळ लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा एंजिन आधीच तापलेले असते. कूलंटच्या जागी नळाचे पाणी ओतत राहण्याची सवय सोडावी. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्यावे.

४. वजनाचा हिशेब मांडावा

ऑल्टोच्या वर्गातली गाडी प्रवासी आणि सामान मिळून साधारण चारशे किलो वाहू शकते. पाच प्रौढ माणसे बसली की त्यातले साडेतीनशे संपतात. उरलेल्या पन्नास किलोंत बॅगा, फराळाचे डबे आणि परतताना नागपूरहून आणलेली संत्र्यांची पेटी बसवायची असते. म्हणून एवढ्या गाडीतून लांबच्या प्रवासाला चौघांनीच जावे, हा नियम मला योग्य वाटतो. छपरावरील कॅरिअर शक्यतो टाळावा, कारण त्यामुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि उंचावर गेलेल्या वजनामुळे गाडी वळणावर अधिक कलते. मागच्या काचेखाली सुटे सामान रचू नये. मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावलाच पाहिजे. कायद्याने न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण जोरात ब्रेक लागल्यावर मागचा माणूस पुढच्यावर आदळतो, हे कारण दंडापेक्षा मोठे आहे.

५. वेग घरीच ठरवावा

समृद्धीवर सपाट भागात मोटारींसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे. ही मर्यादा रस्त्याच्या आखणीवरून ठरलेली आहे, तुमच्या गाडीकडे पाहून कोणी ती ठरवलेली नाही. हजार सीसीच्या, पावणेआठशे-आठशे किलोंच्या गाडीसाठी नव्वद ते शंभर हा वेग मला योग्य वाटतो, आणि त्याची कारणे हिशेबातून दिसतात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. शंभरावरून एकशेवीसवर गेल्यावर वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी. आणि थांबण्यासाठी ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जाही तेवढीच वाढते. छोट्या एंजिनाला त्यासाठी सतत वरच्या फेऱ्यांवर राबावे लागते, पेट्रोल झपाट्याने उतरते आणि आवाजाने आतली माणसे थकतात. बदल्यात मिळते काय? नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्यात शंभराच्या वेगाने पाच तास बारा मिनिटे लागतात आणि एकशेवीसच्या वेगाने चार तास वीस मिनिटे. कागदावर बावन्न मिनिटे वाचतात, आणि पेट्रोलसाठी एक जादा थांबा घ्यावा लागला की त्यांतली बरीचशी खर्ची पडतात.

शंभराच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर चाळीस मीटर तेवढ्यातच संपलेले असतात. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे: तिने एखादा खांब ओलांडला की मनात तीन आकडे मोजावेत, आणि आपण त्या खांबाशी त्यानंतरच पोहोचावे. पावसात हे अंतर दुप्पट करावे आणि वेग सत्तर-ऐंशीवर आणावा.

६. लेन, ओव्हरटेक आणि वारा

एका दिशेच्या तीन लेनपैकी मधली लेन आपली समजावी. उजवी लेन ओव्हरटेकपुरती वापरून पुन्हा मधल्या लेनमध्ये यावे. ट्रक अनेकदा उजवी लेन अडवून चालतात आणि डावीकडून पुढे निघण्याचा मोह होतो. परंतु ट्रकचालकाला डावीकडची छोटी गाडी आरशात सहसा दिसत नाही. डिपर द्यावा, हॉर्न वाजवावा, तरीही वाट मिळाली नाही तर मागे राहावे.

छोट्या एंजिनात पाचव्या गिअरवर पाय दाबून गाडी पुढे उसळत नाही. ओव्हरटेकला निघण्यापूर्वीच चौथा गिअर टाकावा, गाडी भरलेली असेल आणि चढ असेल तर तिसराही. गरज वाटल्यास तेवढ्यापुरता एसी बंद करावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीची ताकद आणखी कमी भरते, म्हणून अशा वेळी पेट्रोलवर यावे. मोठ्या कंटेनरच्या बाजूने जाताना आधी त्याचा वारा अडतो आणि पुढे निघताच झोत एकदम बाजूने बसतो. वॅगन आरसारख्या उंच, हलक्या गाडीला तो स्पष्ट जाणवतो. त्या क्षणी दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत आणि झटक्याने उलट वळवू नये. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडतानाही असेच होते. पावसाळ्यात तर आत कोरडा रस्ता आणि बाहेर पाऊस नि धुके अशी अवस्था असते. म्हणून शेवटच्या टप्प्यात वेग उतरवून, दिवे लावूनच बाहेर यावे.

७. उतारावर गिअरमध्येच राहावे

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणे हा जुना समज अजूनही टिकून आहे. आजच्या इंजेक्शनच्या एंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठा जवळपास बंदच होतो, उलट न्यूट्रलवर एंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी केवळ ब्रेकवर उतरवली, तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. चढताना जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थोड्या थोड्या वेळाने ठाम दाबावा.

८. थांबे, इंधन आणि झोप

ऑल्टोची टाकी २७ लिटरची आणि क्विडची २८ लिटरची आहे. महामार्गावर पंप जागोजागी नाहीत, त्यामुळे टाकी अर्धी झाली की पुढचा पंप दिसेल तेथे भरावी. सीएनजीवर विसंबून हा प्रवास आखू नये. गॅस वाटेत मिळाला तर उत्तम, पण टाकीत पुरेसे पेट्रोल ठेवूनच निघावे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हेही पाहावे. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवावेत. एप्रिल २०२५पासूनच्या दराने मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे पूर्ण मार्गासाठी साधारण १,४४५ रुपये टोल पडतो.

या रस्त्यावर वळणे कमी, गावे नाहीत, सिग्नल नाहीत, आणि म्हणूनच डोळे उघडे असूनही चालकाचे लक्ष हळूहळू मावळत जाते. दर दोन तासांनी किंवा दीडशे-दोनशे किलोमीटरांनी खाली उतरून दहा-पंधरा मिनिटे चालावे. पहाटे दोन ते पाच आणि भरपेट जेवणानंतरची दुपार या वेळा टाळाव्यात. शेवटचे काही किलोमीटर आठवत नाहीत, असे वाटले तर चहावर भागवू नये; अधिकृत थांब्यावर गाडी लावून वीस मिनिटे झोपावे किंवा दुसऱ्याच्या हाती गाडी द्यावी.

९. गाडी बंद पडली तर

धडाक्याने टायर फुटल्यास ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग घट्ट सरळ धरावे, ॲक्सिलरेटर हळू सोडावा आणि गाडी मंदावल्यावर डावीकडच्या पट्टीवर घ्यावी. चारही इंडिकेटर लावावेत, सर्वांनी डाव्या बाजूने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे जावे, आणि तेथूनच ११२ किंवा टोलच्या पावतीवरील मदत क्रमांकावर फोन करावा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर ठेवावा. ठेवायला जाताना कठड्यापलीकडून चालावे. गाडीत बसून मदतीची वाट पाहू नये. रहदारीच्या बाजूचे चाक पंक्चर असेल, तर ते स्वतः बदलण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठीच विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेऊन ठेवावा आणि त्याची मुदत निघण्यापूर्वी पाहावी.

१०. परतल्यानंतर

पूर्ण भारासाठी भरलेली हवा रोजच्या आकड्यावर आणावी. टायरच्या नक्षीत अडकलेले खडे आणि खिळे काढावेत, ऑइल आणि कूलंटची पातळी पुन्हा पाहावी, रेडिएटरसमोरची जाळी किड्यांनी भरली असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. सर्व्हिसिंगची वेळ साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. अशा दोन-तीन प्रवासांत हा आकडा शहरातल्या वापराच्या मानाने फार लवकर गाठला जातो, म्हणून वहीत किलोमीटरची नोंद ठेवावी. आठ-दहा दिवसांनी फास्टॅगचे खाते आणि ई-चलान तपासून टोल दोनदा कापला गेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.