नवा कॉम्प्युटर ‘फास्ट’ करायच्या नादात या चुका टाळा

कापसाचा पहिला चुकारा हाती आला आणि भाऊजींनी यवतमाळहून भाच्यासाठी कॉम्प्युटर आणला. बाराव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क. पोराच्या अभ्यासाला, फॉर्म भरायला, सातबारा काढायला एवढं पुरून उरतं. बाराव्या दिवशी भाच्याचा फोन. “मामा, हा लय मंद चालून रायला. दुकानदारानं फसवलं वाटते.”

दुकानदाराचा काही दोष नव्हता. पोरानं दोन रात्री जागून ‘पीसी सुपरफास्ट करा’ छापाचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्यात दाखवलेलं जवळजवळ सगळं करून टाकलं होतं. काय काय केलं म्हणून विचारलं, तर पाच-सहा गोष्टी आठवल्या, पुढं डोकं खाजवत बसला. खरी चूक इथंच होते. एका बैठकीत पंधरा सेटिंग बदलल्या की कोणत्या बदलानं बिघडलं हे कळायला मार्गच राहत नाही. एक बदल करा, वहीत तारखेसह लिहा, दोन दिवस वापरा, मग दुसरा. आणि बदलायच्या आधी मशीन खरंच मंद आहे का ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क यापैकी काय शंभराला टेकतंय ते दिसतं. नव्या कॉम्प्युटरवर पहिले दोन-तीन दिवस अपडेट उतरतात, फाइलींची अनुक्रमणिका तयार होत असते, त्यामुळे तो थोडा जड चालणारच. तेवढी कळ काढली असती तर निम्मे व्हिडिओ पाहायची वेळच आली नसती.

मी गेलो तेव्हा टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर ‘लॉजिकल प्रोसेसर्स’पुढं ४ दिसत होते. या चिपला आठ असतात. मी विचारलं, “चार कोणी केले बे?” तर म्हणतो, “व्हिडिओवाल्यानं चार टाकले, म्हणून म्याही चारच टाकले.” त्या बिचाऱ्याच्या जुन्या मशीनमध्ये चारच होते! एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची खिडकी, तिच्या बूट पानावर ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ नावाची खूण आहे. ती केली की जास्त प्रोसेसर कामाला लागतात असा समज गावोगावी पसरलाय. विंडोज मुळातच सगळे वापरतं. ही सोय प्रोग्राम तपासणाऱ्यांसाठी, मुद्दाम कमी प्रोसेसरवर चालवून पाहायला ठेवलेली आहे. म्हणजे पोरानं आठ बैलांतले चार स्वतःच्या हातानं दावणीला बांधून ठेवले आणि वर म्हणतो गाडा ओढत नाही. त्याच खिडकीत ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण आहे, तिलाही हात लावू नका. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन दोन्ही खुणा काढा आणि रीस्टार्ट करा. आम्ही केलं, आठचे आठ परत आले.

टास्क मॅनेजरच्या त्याच सीपीयू पानावर ‘अप टाइम’ म्हणून आकडा असतो, मशीन किती वेळ सलग चालू आहे त्याचा. रीस्टार्टच्या आधी तो अकरा दिवस दाखवत होता. भाचा शपथेवर सांगत होता की रोज रात्री बंद करतो. करत असेलही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असतं तेव्हा शटडाउन केल्यावर आतला गाभा पुसला जात नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मशीन लवकर उघडतं, पण एखादा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, अडकला असेल तर तो अडकलेलाच राहतो. काही विचित्र वागायला लागलं की शटडाउन करून परत चालू करू नका, रीस्टार्ट करा. आठवड्यातून एकदा सवयीनं केलं तरी पुष्कळ.

रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची एक फाइल रॅमसारखी वापरतं, ती पेजफाइल. ही व्हर्च्युअल मेमरी बंद करण्याची चूक मात्र मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे त्यावर पोराला बोलायचा मला हक्क नव्हता. ‘रॅम भरपूर आहे, पेजफाइल कशाला’ असं कुठंतरी वाचून काढून टाकली. आठवडाभर छान चाललं. मग एका संध्याकाळी ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, एक मोठी शीट आणि पीडीएफ उघडी असताना शीट एकदम मिटली. तीन तासांची भरलेली माहिती गेली. ८ जीबीच्या मशीनवर तर पेजफाइल विंडोजच्याच हाती सोडावी, ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर.

बहिणीची तक्रार वेगळीच. “भाऊ, मले तं सातबारा वाचताच येऊन नाही रायला, अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेत.” व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं की सगळ्या खुणा एकदम जातात. त्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारीही जाते आणि मराठी जोडाक्षरं खरबरीत दिसायला लागतात. फोटोंची छोटी चित्रंही गायब होतात. नव्या मशीनवर यातून मिळणारा वेग हाताला जाणवतसुद्धा नाही. करायचंच असेल तर ‘स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ आणि ‘थंबनेल्स’ या दोन खुणा परत करा.

आता आपल्याकडची गोष्ट, जी त्या व्हिडिओवाल्यांच्या गावी नसते. भाव चढेल म्हणून भाऊजींनी उरलेला कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवलाय, छताला टेकेल एवढा. कॉम्प्युटर त्याच खोलीत, टेबलाच्या लाकडी खणात, मागून भिंतीला टेकलेला, वर धूळ बसू नये म्हणून बहिणीनं शिवलेली कापडी खोळ. कॉम्प्युटर वापरतानाही खोळ अर्धी तशीच. समोरच्या जाळीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पुटकी लागली. बारा दिवसांत! पंखा हवा ओढतो तसे कापसाचे तंतूही ओढतो, ते जाळीवर आणि आतल्या प्रोसेसरच्या पंख्यावर नमद्यासारखे बसतात. इंटेलचा डेस्कटॉप प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. हे थंडीत चालून जातं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याखालच्या खोलीत, बंद खणात काय होईल ते बघायला थांबू नका. अशा ठिकाणी ‘हाय परफॉर्मन्स’ पॉवर प्लॅन लावणं म्हणजे उन्हात धावणाऱ्याला आणखी पळ म्हणणं. ‘बॅलन्स्ड’ ठेवा, गरज पडली की प्रोसेसर आपोआप वर जातोच.

आम्ही कॅबिनेट खणातून काढून स्टुलावर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढं. कापसाच्या खोलीतून मधल्या खोलीत. जाळी पुसायला दाढीचा जुना ब्रश ठेवला. आतला पंखा साफ करताना मात्र मशीनची पिन भिंतीतून काढा आणि पातं बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ते वेड्यासारखं फिरू देऊ नका.

दुसरी आपली गोष्ट लाइनची, म्हणजे विजेची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ पानावर ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग’ बंद करण्याची खूण आहे. डिस्क वेगवान होते म्हणून ती बरेच जण करायला सांगतात. तिच्याखालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिस्कला वेगळा वीजपुरवठा असल्याशिवाय ही खूण करू नका. कारण साधं आहे, लिहायला निघालेली माहिती वाटेतच असते आणि लाइन गेली तर ती गेली. आपल्याकडे लाइन विचारून जात नाही. तीच गोष्ट बायोस अपडेटची. बायोस म्हणजे मशीन चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर मदरबोर्ड परत उठेलच असं नाही, म्हणून नेमकी गरज नसेल तर करू नका आणि करायचं तर यूपीएसवरच. साध्या घरगुती डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं देतो. तेवढंच त्याचं काम. रात्रभर सिनेमा पाहायला तो इन्व्हर्टर नाही, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. तो अपडेटमध्येच संपतो म्हणून भाच्यानं अपडेटची सर्व्हिसच बंद पाडली होती. तसं केलं की सुरक्षेचे दुरुस्तीचे तुकडेही येत नाहीत. त्यापेक्षा वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा, मोठी उतरवणी थांबते. अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ही बंद करा, नाहीतर तुमचा डेटा दुसऱ्याच्या मशीनला अपडेट पुरवण्यात जाऊ शकतो. आणि रात्री अकरानंतर दिवसाचा डेटा उरला असेल तर मीटर्ड काढून अपडेट तेव्हा होऊ द्या, बारा वाजले की तो तसाही वाया जातो.

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर : घेऊच नका. एका अँटीव्हायरसवर दुसरा चढवू नका. एसएसडी डीफ्रॅग करायचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवायचं सॉफ्टवेअर शोधू नका, विंडोज तिची निगा वेळापत्रकानं राखतं.

मग फायद्याचं काय? स्टार्टअप ॲप्समध्ये ज्यांच्यापुढं ‘हाय’ लिहिलंय ते चॅटचे, गेमचे प्रोग्राम बंद करा, सिक्युरिटी आणि ऑडिओचे राहू द्या. रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलंय आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवतो, तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवायची सोय, बहुतेक सुरू करायची राहिलीय. मॉनिटर १०० हर्ट्झचा घेतला असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो ६० वर तर अडकला नाही ना, बघा. पुढं पैसे आलेच तर तशीच आणखी एक ८ जीबीची पट्टी, म्हणजे रॅम दोन वाटांनी चालते. वर सांगितलेल्या साऱ्या युक्त्यांपेक्षा या पट्टीचा गुण जास्त.

आणि भाच्यासारखं सगळंच विस्कटून बसला असाल तर आधी सिस्टीम रिस्टोरमध्ये जुना पॉइंट, म्हणजे विंडोजनं जपून ठेवलेली आधीची स्थिती, सापडतो का बघा. आमच्याकडे तोही बंद केलेला होता. मग ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ घेतलं. फाइली राहतात, टाकलेले प्रोग्राम जातात. तिथं ‘क्लाउड डाउनलोड’ निवडू नका, ते ४ जीबीच्या वर डेटा खाऊ शकतं. ‘लोकल रीइन्स्टॉल’ घ्या, यूपीएस लावा आणि लाइन टिकण्याच्या वेळेला सुरू करा. आम्ही सकाळी सहाला बसवलं, चहा-पोहे होईस्तोवर झालं होतं.