परीक्षकाची पसंती आपल्या कुत्र्याला अनुकूल नसेल, तर पुढची एंट्री भरावी की थांबावे?

श्वानप्रदर्शनाचे पत्रक हाती येते, परीक्षकांच्या यादीत एक ओळखीचे नाव दिसते आणि मागच्या खेपेस याच परीक्षकाने आपल्या कुत्र्याला तिसऱ्या क्रमांकावर उभे केले होते हे आठवते. एंट्रीची मुदत संपायला आठवडा उरलेला असतो. अशा वेळी काही जण रागाने शो सोडून देतात, तर काही जण ‘या वेळी दाखवतोच’ अशा हट्टाने पैसे भरतात. गेली काही वर्षे गोव्यातल्या फोंड्याहून लॅब्राडॉर घेऊन शोंना जाताना मी हे दोन्ही प्रकार केले आहेत. हा निर्णय नोंदींच्या आधारे आणि एंट्री भरण्यापूर्वी घ्यावा, असे आता माझे मत झाले आहे. रिंगमध्ये उभे राहून घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. तो कसा घ्यावा, हे मी पुढे क्रमाने सांगतो.

पायरी १: निकाल लागला त्याच दिवशी नोंद लिहावी

वहीचे एक पान प्रत्येक शोसाठी ठेवावे. परीक्षकाचे नाव, आपल्या वर्गात प्रत्यक्ष रिंगमध्ये आलेल्या कुत्र्यांची संख्या, आपला क्रमांक, आपल्या पुढे लागलेले कुत्रे आणि त्या दिवशी आपला कुत्रा कसा चालला, एवढे तरी त्यात असावे. चार कुत्र्यांत चौथा येणे आणि चौदांत चौथा येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण सहा महिन्यांनी दोन्हींची आठवण ‘चौथा लावला’ एवढीच उरते. कुत्रा दमलेला होता, गालिच्यावर घसरत होता की दात दाखवताना मान हलवत होता, हेही लिहावे. परीक्षकाला एका कुत्र्यासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात त्याला जे दिसले त्यावरच तो निकाल देतो. आपल्या अंगणात कुत्रा किती डौलाने उभा राहतो हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो.

पायरी २: घरी, सपाट जमिनीवर, आपला कुत्रा स्वतः मोजून पाहावा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच वगळतात, म्हणून मी तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवणार आहे.

परीक्षक दोन कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करतो असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात तो प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या जातीच्या लिखित मानकाशी करत असतो. भारतात शो चालतात ते प्रामुख्याने केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली. ही संस्था १८९६ साली स्थापन झाली, तिचे मुख्य कार्यालय चेन्नईत आहे आणि ती १९११ साली युरोपात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाशी, म्हणजे एफसीआयशी, संलग्न आहे. महासंघाने प्रत्येक मान्य जातीच्या मानकाला क्रमांक दिला आहे. लॅब्राडॉरच्या मानकाचा क्रमांक १२२ आहे आणि त्यात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, तर मादीची ५४ ते ५६ सेंटिमीटर दिली आहे. डॉबरमनच्या नराची उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि जर्मन शेफर्डच्या नराची ६० ते ६५ सेंटिमीटर असते. उंची खांद्याच्या सर्वांत उंच बिंदूपाशी मोजतात. शोची मंडळी त्याला ‘विदर्स’ म्हणतात. कपडे शिवण्याची टेप अंगाच्या गोलाईवरून फिरते आणि आकडा वाढवते. म्हणून कुत्रा भिंतीलगत सरळ उभा करावा, खांद्यावर आडवी पट्टी टेकवून भिंतीवर खूण करावी आणि ती खूण जमिनीपासून मोजावी. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून मधला आकडा धरावा.

माझा काळा नर, तांडेल, दोन शोंमध्ये एकाच परीक्षकाकडे मागे पडला. दोन्ही वेळा त्याच्याहून बुटका, आटोपशीर बांध्याचा कुत्रा पहिला आला. परीक्षकाला आपला कुत्रा आवडतच नाही, असे मी घरी आणि मित्रमंडळीत बोलत राहिलो. नंतर एके रविवारी धाकट्या भावाने तांडेलला पडवीत उभे करून मोजले. तो साडे-अठ्ठावन्न सेंटिमीटर भरला, पुन्हा मोजला तरी तेवढाच. आदर्श उंचीहून दीड सेंटिमीटर जास्त असल्याने कुत्रा बाद होत नाही, पण दोन चांगले कुत्रे समोर असताना आटोपशीर बांध्याला झुकते माप देणारा परीक्षक मानकाच्या चौकटीतच राहून निर्णय देत होता. त्या दिवसापर्यंत मी त्याच्याविषयी जे बोललो होतो, त्याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट केसांची आहे आणि ती आम्हा गोवेकरांच्या विशेष कामाची आहे. लॅब्राडॉरच्या मानकात आखूड, दाट, हाताला जरा राठ लागणारे वरचे केस आणि त्याखाली पाण्या-पावसाला दाद न देणारा मऊ थर अपेक्षित आहे. आमच्याकडच्या दमट उकाड्यात मार्च-एप्रिलपासून हा खालचा थर झडू लागतो. परीक्षक केसांत बोटे उलट्या दिशेने घालून तोच तपासतो. थंड हवेच्या देशातून आलेला परीक्षक तर हमखास तपासतो. मादी असेल तर माजानंतर काही महिन्यांनीही केस उतरतात. अशा अवस्थेत हरलेल्या कुत्र्याबाबत परीक्षकाला दोष देण्यापेक्षा पुढची एंट्री केस भरून येण्याच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, भरणे शहाणपणाचे आहे.

दातही मोजावेत. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि काही जातींत एखादा दात नसला तरी निकालावर मोठा परिणाम होतो. हे काम परिचित पशुवैद्याकडून करून घेतल्यास शंका उरत नाही.

पायरी ३: परीक्षकाची आवड आणि परीक्षकाचा अन्याय वेगळे करावेत

मोजमाप निर्दोष निघाले तरच या पायरीकडे यावे. मानकातले शब्द ‘मध्यम’, ‘पुरेसा’, ‘प्रमाणबद्ध’ असे असतात आणि या शब्दांत प्रत्येक परीक्षकाच्या आवडीला जागा असते. कोणी डोक्याची ठेवण पाहतो, कोणी चाल पाहतो, तर कोणी पाठीची रेषा. ही आवड ओळखण्यासाठी त्या परीक्षकाने आपल्या जातीत आणि जवळच्या जातींत कोणाला पहिले लावले, ते पाहावे. आपला वर्ग संपल्यावर लगेच गाडीत बसू नये. कॅटलॉग, म्हणजे शोमधल्या कुत्र्यांची छापील यादी, हातात घेऊन रिंगच्या बाहेर तासभर बसावे. पहिले लागलेले सगळे कुत्रे एका साच्यातले असतील, तर ती आवड आहे आणि तिच्यात सातत्य आहे. तो साचा आपल्या कुत्र्याचा नसेल, तर पुढच्या वेळी एंट्री न भरणे यात कुणाचाच अपमान नाही. पहिले लागलेले कुत्रे एकमेकांशी कशातच मिळत नसतील आणि केवळ दोरी धरणारा हँडलर तेवढा दर वेळी तोच असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तरीही अनुभवी हँडलर कुत्र्याला अधिक चांगले उभे करतो आणि योग्य वेगाने पळवतो, हेही खरे असते, म्हणून एवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

परीक्षकांविषयीच्या तक्रारी श्वानप्रदर्शनांइतक्याच जुन्या आहेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे १८५९ साली पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचे जे प्रदर्शन भरले, ते आधुनिक श्वानप्रदर्शनांतले पहिले मानले जाते. त्यात पॉइंटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याने सेटरचे बक्षीस नेले आणि सेटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याने पॉइंटरचे. आजचे नियम, म्हणजे स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा कुत्रा कोणी तपासू नये यासारखे निर्बंध, अशा अनुभवांतून हळूहळू घट्ट झाले आहेत.

एका पराभवावरून परीक्षकाची पारख करू नये, एवढा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. एकाच परीक्षकाखाली, वेगवेगळ्या स्पर्धकांसमवेत, चांगल्या अवस्थेत असलेला कुत्रा तीनदा मागे पडला, तर चौथ्यांदा जाऊ नये.

पायरी ४: किताबाचा हिशेब मांडावा

आपल्याला या शोमधून नेमके काय हवे आहे? चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे चॅम्पियनच्या किताबासाठी मोजले जाणारे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘सीसी’ म्हणतात, ते हवे असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, गुणवत्ता पुरेशी वाटली नाही तर परीक्षक वर्गात पहिला क्रमांक देऊनही सीसी राखून ठेवू शकतो. दुसरी अशी की, किताबासाठी लागणारी प्रमाणपत्रे एकाच परीक्षकाकडून मिळून चालत नाहीत. एफसीआयच्या आंतरराष्ट्रीय शो किताबालासुद्धा तीन देशांत, तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळालेली चार प्रमाणपत्रे लागतात आणि पहिल्या व शेवटच्या प्रमाणपत्रात एक वर्ष आणि एक दिवस एवढे अंतर लागते. याचा अर्थ, एका माणसाचे मत पुरेसे नाही हे या पद्धतीने आधीच गृहीत धरले आहे. जो परीक्षक आपल्या कुत्र्याला पसंत करत नाही, त्याला टाळूनही किताब पूर्ण होऊ शकतो. त्याचप्रमाणे, ज्याने आधीच आपल्याला सीसी दिले आहे, त्याच्याचकडे पुनःपुन्हा जाण्यानेही किताब फारसा पुढे सरकत नाही.

कुत्रा पिल्लाच्या वर्गात असेल, तर हा हिशेब सोडून द्यावा. पिल्लाला रिंगची, गर्दीची आणि परक्या हाताची सवय होणे हाच त्या वयातला लाभ आहे आणि तो प्रतिकूल परीक्षकाखालीही मिळतो.

पायरी ५: प्रवास आणि हवा यांचा विचार कुत्र्याच्या बाजूने करावा

शो बांबोळीला किंवा मडगावला असेल, तर प्रश्न हलका असतो. सकाळी निघून दुपारी घरी परतता येते आणि हरल्याचे नुकसान एंट्रीच्या पैशांएवढेच असते. बेळगावला चोर्ला घाटातून जाण्यात साधारण तीन तास जातात आणि वळणांमुळे अनेक कुत्र्यांना ओकारी होते. पुणे सुमारे ४५० किलोमीटरवर आहे आणि मुंबई-बंगळूर त्याहूनही लांब. रेल्वेने न्यायचे, तर कुत्र्यासाठी पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला स्वतंत्र कूपे मिळवावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यात ठेवावे लागते, आणि ती जागा मला स्वतःला कधीच पटली नाही. म्हणून माझा नियम असा की, घाटाच्या अलीकडच्या शोला शंका असली तरी जावे, पण घाटापलीकडच्या शोसाठी परीक्षकाविषयी किमान समसमान आशा हवी.

हवेचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. कुत्रा घामाने नव्हे, तर धापेने अंग थंड करतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत जिभेवरचे पाणी लवकर उडत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले तर जिवाला धोका असतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा मालक असाल आणि शो उघड्या मैदानावर असेल, तर परीक्षक कितीही अनुकूल असो, दुपारच्या रिंगसाठी एंट्री भरू नये.

पायरी ६: शोच्या मध्येच प्रश्न आला तर

आपल्याकडे अनेक क्लब एकाच शनिवार-रविवारी दोन चॅम्पियनशिप शो जोडून घेतात आणि दोन्हींचे परीक्षक वेगवेगळे असतात. पहिल्या शोमध्ये मागे पडल्यावर निराश होऊन परत निघणे हा यातला सर्वांत महागडा निर्णय ठरतो, कारण दुसऱ्या परीक्षकाचे मत पूर्णपणे स्वतंत्र असते. कुत्रा ताजातवाना असेल तर थांबावे; जेवण-पाणी टाळत असेल, शेपटी पाडून बसला असेल किंवा लंगडत असेल तर थांबू नये.

वर्गात दुसरा क्रमांक आला असेल, तरी लगेच निघून जाऊ नये. पहिल्याला सीसी मिळाल्यास दुसऱ्याला राखीव प्रमाणपत्रासाठी बोलावले जाऊ शकते. बक्षीस नाकारणे, रोझेट, म्हणजे बक्षिसाची फीत, खाली टाकणे किंवा परवानगीवाचून रिंग सोडणे हा बहुतेक ठिकाणी शिस्तभंग समजला जातो आणि त्याची शिक्षा कुत्र्याच्या पुढच्या एंट्रीला भोगावी लागते. कारण समजून घ्यायचे असेल, तर परीक्षकाचे दिवसाचे काम पूर्ण झाल्यावर रिंग स्टुअर्डमार्फत, म्हणजे रिंगमधल्या मदतनिसामार्फत, विचारावे आणि प्रश्न ‘माझा का नाही लावला?’ असा न विचारता ‘सर, याच्यात आपल्याला कोणती गोष्ट कमी वाटली?’ असा विचारावा. दुसऱ्या प्रश्नाला मला जवळजवळ नेहमी सरळ उत्तर मिळाले आहे.

पायरी ७: तक्रार करायची की एंट्री टाळायची

क्रमांक आवडला नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. त्याबाबत परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. नियम मोडला गेला, उदाहरणार्थ परीक्षकाचे त्या कुत्र्याशी मालकीचे नाते आहे किंवा कुत्रा त्या वर्गात बसतच नाही, असे आपल्याकडे दाखवता येण्याजोगे असेल, तरच तक्रार करावी. ती लेखी असावी, पत्रकात दिलेल्या मुदतीत द्यावी आणि तिच्यात फक्त घडलेली गोष्ट असावी. व्हॉट्सॲपच्या गटात नाव घेऊन लिहिलेला संताप तक्रारीची जागा घेऊ शकत नाही, उलट आपलीच बाजू लंगडी करतो.

इतके झाल्यावर निर्णय बहुधा आपोआप समोर येतो. दोष कुत्र्याच्या अवस्थेत असेल, तर परीक्षक न बदलता हंगाम बदलावा. दोष ठेवणीत असेल, तर त्या ठेवणीला कमी महत्त्व देणारे परीक्षक निवडावेत आणि किताबाची आशा त्या प्रमाणात धरावी. केवळ आवडीचा फरक असेल, तर जवळचा शो करावा आणि लांबचा सोडावा. एंट्री टाळायची ठरल्यास क्लबच्या सचिवांना कारण सांगत बसू नये. ते कोणी विचारतही नाही.

तांडेलला त्यानंतर त्या परीक्षकाखाली मी एकदाच नेले, कारण शो बांबोळीला होता आणि घरातल्या मुलांना तो रिंगमध्ये पाहायचा होता. तो तिसरा आला. परत येताना मी वहीत तारीख, वर्गातले सात कुत्रे आणि ‘चाल आज उत्तम’ एवढे लिहिले.