वूफरचा बॉक्स बनवताय? बेस बिघडवणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात घरासाठी वूफरचा बॉक्स करून घ्यायचा म्हटलं की बरेच जण मिरवणुकीतल्या डॉल्बीचा बॉक्स डोळ्यासमोर ठेवतात आणि सुताराला सांगतात, 'तसाच, पण लहान.' गडबड इथूनच सुरू होते. डॉल्बीचा वूफर मोकळ्या रस्त्यावर दणका देण्यासाठी असतो, खोलवरचा बेस हे त्याचं कामच नाही. आणि कुठलाही बॉक्स लहान केला की त्याचं गणितच बदलतं.

आधी वूफरची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) बघा: एफएस (वूफर मोकळा असताना ज्या हर्ट्झवर आपसूक घुमतो तो आकडा), क्यूटीएस (तो घुमारा किती आवरला जातो याचं माप) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेएवढीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये). या आकड्यांवरून बॉक्स काढायची पद्धत थील यांनी 1961 मध्ये मांडली आणि स्मॉल यांनी 1970 च्या दशकात पूर्ण केली. ढोबळमानाने क्यूटीएस 0.4 च्या खाली असेल तर पोर्टचा, म्हणजे हवेसाठी पाइप लावलेला बॉक्स, 0.5 च्या आसपास किंवा वर असेल तर सीलबंद. क्यूटीएस 0.6 च्या वूफरला पाइप लावला की बेस घुमतो, तबला आणि ढोलकी एकसारखीच वाजते. डेटाशीट नसलेला स्वस्त वूफर असेल तर सरळ सीलबंद बॉक्स करा.

सीलबंद बॉक्सचा बेस खाली हळू उतरतो, दर ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की) 12 डेसिबल. पोर्टचा 24 डेसिबलने कोसळतो, पण त्याआधी जास्त भरीव मिळतो. बँडपास बॉक्स (यात वूफर आतच लपलेला असतो, आवाज फक्त पोर्टमधून येतो) हर्ट्झच्या एका पट्ट्यातच जोरात वाजतो. गाडीत ठीक, घरात कंटाळा आणतो.

सीलबंद बॉक्स 'थोडा लहान चालेल' असं समजू नका. क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 40 लिटर असेल तर 40 लिटरचा बॉक्स सपाट बेस देतो. तोच वूफर 10 लिटरमध्ये कोंबला तर सुमारे 2 डेसिबलचा फुगवटा येतो आणि खालचा बेस जातो. जागाच नसेल तर गादीवाल्याकडचा पॉलिस्टर फायबर सैलसर भरा, थोडी भरपाई होते. पोर्टच्या बॉक्समध्ये मात्र फायबर फक्त भिंतींना लावा, पाइपचं तोंड मोकळं ठेवा.

लिटर मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे सुताराला बाहेरची मापं देणं. 30 × 35 × 45 सेंमीचा बॉक्स बाहेरून 47 लिटर भरतो, पण 18 मिमीचं प्लायवूड वापरलं की आत उरतात 34. त्यातून वूफर, पाइप आणि आतल्या पट्ट्यांची जागा आणखी वजा करा.

पाइपचंही तसंच. आपल्याकडचा 75 मिमीचा पीव्हीसी पाइप म्हणजे बाहेरचा व्यास. आतला साधारण 70 भरतो. 40 लिटरचा पोर्टचा बॉक्स 35 हर्ट्झवर ट्यून करायचा तर 75 धरून लांबी साडेएकवीस सेंमी येते, 70 धरून साडेअठरा. म्हणून आतला व्यास मोजा, पाइप 2-3 सेंमी लांबच कापा आणि मग तपासा: मोबाइलवर टोन जनरेटर घेऊन हळू आवाजात 25 ते 50 हर्ट्झ फिरवा. कोन (वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा) जिथे सर्वांत कमी हलतो ते तुमचं ट्यूनिंग. ते 32 वर आलं तर एकेक सेंमी कापत वर आणा. आतलं टोक मागच्या फळीपासून निदान पाइपच्या व्यासाएवढं लांब हवं. मोठ्या आवाजात फुसफुस ऐकू आली तर पाइप अरुंद आहे. पण 110 मिमीचा घेतला तर लांबी 44 सेंमीच्या आसपास जाते, त्याची जागा आधीच धरा.

पोर्टच्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली वूफरला हवेचा आधार राहत नाही, कोन मोकाट हलतो आणि त्यामागची तारेची कॉइल आपटते. ॲम्प्लिफायरला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज अडवणारा) असेल तर 28-30 हर्ट्झवर ठेवा.

बेस पोकळ वाटतो? सीलबंद बॉक्सवर 30 हर्ट्झचा टोन लावा आणि सांध्यांजवळ, टर्मिनलच्या प्लेटभोवती पेटती उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे हवा गळतेय, सिलिकॉन भरा. दोन वूफर असतील तर 1.5 व्होल्टच्या सेलने पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) बघा: प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो.

एवढं करूनही एकच सूर घुमत असेल तर दोष खोलीचा. 10 × 10 फुटांच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा 56 हर्ट्झवरच येतो. भिंतीवर सोलापुरी चादरी टांगून तो जात नाही, फक्त वरचा आवाज मऊ होतो. बॉक्स कोपऱ्यातून बाहेर काढा आणि बसायची जागा मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या.