ग्रामपंचायतीचा खर्च मोबाइलवर कसा तपासायचा

"निधीच आला नाही" हे वाक्य आमच्याकडे फार ऐकू येतं. ते खरं की खोटं, हे घरबसल्या बघता येतं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज अ‍ॅप एप्रिल २०२० मध्ये आलं. लॉगिन लागत नाही. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडा. फेब्रुवारी २०२५ मधलं काम असेल तर २०२४-२५ मध्ये शोधा. इथे बरेच जण चुकीच्या वर्षात शोधतात आणि काहीच नाही म्हणून सोडून देतात.

'अप्रूव्हड अ‍ॅक्टिव्हिटीज'मध्ये गावाच्या विकास आराखड्यातली मंजूर कामं आणि 'फायनान्शियल प्रोग्रेस'मध्ये जमा-खर्च दिसतो. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२२ ते २०२५-२६) निधीतला ६० टक्के भाग बंधित आहे, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखीव: त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाच्या गरजेची इतर कामं घेता येतात, पण पगार देता येत नाहीत. बंधित पैशातून गावाची कमान उभी राहिलेली दिसली, तर विचारायलाच हवं.

एकदम सगळा हिशोब काढू नका. एकच काम निवडा, शक्यतो आपल्या गल्लीतलं. अ‍ॅपवर "गटार बांधकाम करणे" एवढंच लिहिलेलं असतं; कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत, ते नसतं. त्यासाठी त्या कामाचं अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, मागा. तोंडी मागून मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कामाचं नाव आणि वर्ष नेमकं लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्याने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क दिला आहे. तो फार कमी लोक वापरतात.

मग टेप घ्या. आमच्या गल्लीतलं गटार मी आणि माझ्या जाऊबाईंनी मोजलं. एमबीत ९० मीटर, जागेवर ६२. बाकीचं देवळामागे झालंय, असं सांगण्यात आलं. देवळामागे गेलो तर नुसती माती आणि साचलेलं सांडपाणी. त्याच पाण्यातून पोरं अंगणवाडीत जातात. आम्ही आरोप केला नाही. महिला ग्रामसभेत दोन्ही आकडे वाचले, तिथे ठराव घेतला आणि मग तो मुख्य ग्रामसभेत नेला. उरलेलं गटार पावसाळ्याआधी झालं.

महिला सभा सोडू नका, बायांनो. मुख्य सभेत आपला आवाज मागच्या मागे विरून जातो. महिला सभेत विषय आपला असतो आणि लिहूनही घेतला जातो.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. प्रश्न आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत उत्तर मिळालं की ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिलं का, ते तिथेच वाचून घ्या. सही करताना ती हजेरीची आहे की ठरावाखालची, ते बघा, आणि वर कोरी जागा सोडलेली असेल तर आधी ती आडवी रेघ मारून बंद करायला सांगा.